चाच्यांना धरू पाहणाऱ्यांसाठी ईव्ह ऑनलाइन कितपत बरा आहे?

आइसलँडच्या रेक्याविक शहरातील सीसीपी गेम्स या कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केलेला ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन खेळ बाहेरच्या जगात प्रामुख्याने त्यातील दगाबाजीसाठी आणि अवाढव्य लढायांसाठी ओळखला जातो. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या सूर्यमालेत झालेल्या लढाईत टायटन नावाची ७५ अतिप्रचंड जहाजे नष्ट झाली आणि त्यांची किंमत खऱ्या पैशांत मोजून जगभरच्या वृत्तमाध्यमांनी बातम्या छापल्या. प्रस्तुत परीक्षणाचा विषय मात्र त्या लढाया नाहीत. या खेळात इतरांची जहाजे लुटून जगणाऱ्या खेळाडूंचा बंदोबस्त करण्यासाठी दुसऱ्या खेळाडूंनी स्वतःहून गट उभे केले, आणि अशा गटात जाऊ इच्छिणाऱ्याला हा खेळ काय देतो, एवढेच येथे तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. चाच्याला या खेळाने धंदा दिला आहे, तर चाच्याच्या मागे लागणाऱ्याला केवळ परवानगी दिली आहे, आणि तीही बऱ्याच अटी घालून. तरीही चाचेविरोधी गट म्हणून एकत्र राहण्याचा इतका खोल अनुभव मला दुसऱ्या कोणत्याही ऑनलाइन खेळात आढळलेला नाही.

याचे पहिले कारण सर्व्हरच्या रचनेत आहे. चीनमधील स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरचे सगळे खेळाडू लंडनमधील ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर, सुमारे ७,८०० सूर्यमालांच्या एकाच विश्वात खेळतात. इतर खेळांत एखाद्याने फार उपद्रव केला की तो सर्व्हर बदलून नव्या ठिकाणी नव्याने सुरुवात करू शकतो. येथे पळून जायला दुसरा सर्व्हरच नाही. पात्राचे नाव बदलता येत नाही, ते पात्र कोणत्या काळात कोणत्या कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, होते याची जंत्री कोणालाही उघडून पाहता येते, आणि फुटलेल्या बहुतेक प्रत्येक जहाजाचा अहवाल, ज्याला खेळाडू किलमेल म्हणतात, झेडकिलबोर्डसारख्या संकेतस्थळावर जमा होत राहतो. एखादा चाचा कोणत्या सूर्यमालेत, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या जहाजातून आणि कोणाच्या साथीने शिकार करतो हे अशा नोंदींवरून बऱ्यापैकी अचूक सांगता येते. चाचेविरोधी गटांचे निम्मे काम असे कागदपत्रांचे असते, आणि ज्याला नोंदी चाळून माग काढण्याची आवड आहे त्याला ते कंटाळवाणे वाटणार नाही. या व्यवस्थेला एक मोठे भगदाड मात्र आहे. एकाच माणसाची दोन पात्रे कोणती हे बाहेरच्याला कळण्याचा कोणताही अधिकृत मार्ग नाही, त्यामुळे सकाळी तुमच्या गटात नवखा म्हणून शिकायला आलेला खेळाडू संध्याकाळी दुसऱ्या पात्राने तुमचीच वाट अडवून बसलेला असू शकतो.

चाच्यांचा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. २००३ मध्येच मू नावाच्या एका छोट्या गटाने मारा या सूर्यमालेच्या गेटवर, म्हणजे दुसऱ्या सूर्यमालेत जाण्याच्या दारावर, ठाण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वाट अडवली होती, आणि तेव्हाची नाकेबंदी खेळाडूंना इतकी असह्य झाली की अखेर कंपनीलाच मध्ये पडावे लागले. पुढे कायद्याची चौकट घट्ट होत गेली. आज प्रत्येक सूर्यमालेला १.० ते ०.० आणि त्याखाली असा सुरक्षेचा आकडा असतो. १.० ते ०.५ म्हणजे हायसेक, ०.४ ते ०.१ म्हणजे लोसेक आणि त्यापलीकडे नलसेक. हायसेकमध्ये कोणी विनाकारण हल्ला केला की कॉनकॉर्ड हे संगणकाने चालवलेले पोलीस दल येते आणि हल्लेखोराचे जहाज हमखास नष्ट करते. त्याच्या तावडीतून सुटण्याची युक्ती शोधणे हे खेळाच्या नियमांचे उल्लंघन मानले जाते.

नव्या खेळाडूची फसगत इथेच होते. कॉनकॉर्ड शिक्षा करते, संरक्षण करत नाही. १.० सुरक्षेच्या सूर्यमालेत ते काही सेकंदांत पोहोचते, पण ०.५ मध्ये त्याला जवळजवळ वीस सेकंद लागू शकतात, आणि स्वस्त कॅटॅलिस्ट विध्वंसिकांच्या टोळीला खाणजहाज फोडण्यासाठी तेवढा वेळ पुरेसा असतो. हल्लेखोर आपली जहाजे जाणार हे गृहीत धरूनच येतात, आणि त्यांचा हिशेब फक्त इतकाच असतो की पडलेल्या मालातून आपल्या जहाजांची किंमत वसूल होते की नाही. पूर्वी तर कॉनकॉर्डने फोडलेल्या जहाजाचा विमादेखील हल्लेखोराला मिळत असे. ही विसंगती २०११ च्या अखेरीस दूर करण्यात आली. या उद्योगाला खेळाडू गँकिंग म्हणतात आणि त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांना अँटी-गँकर.

अँटी-गँकरांचे काम पाहिले की त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते आणि त्यांची दयाही येते. जिता या सर्वांत मोठ्या बाजारपेठेतून निघणारी मालवाहू फ्रेटर जहाजे उएदामा या ०.५ सुरक्षेच्या सूर्यमालेतून जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये नियार्जा ही सूर्यमाला ट्रिग्लाव्हियन आक्रमणाच्या कथानकात पोचव्हेन या नव्या प्रदेशात गेली, जिता आणि अमार या दुसऱ्या बाजारपेठेमधला सुरक्षित रस्ता लांबला आणि उएदामावरची वर्दळ वाढली. तेथे गँकर एखाद्या वजनदार जहाजाने फ्रेटरला धडका देत राहतात, जेणेकरून त्याला उडी मारण्यासाठी दिशा साधता येऊ नये, आणि तोवर बाकीची टोळी स्थानकात तयार होत असते. अँटी-गँकर काय करू शकतात? फ्रेटरवर दुरुस्तीच्या किरणांचा मारा करून त्याला जास्त वेळ टिकवून धरता येते, गँकरांच्या जहाजांचे लक्ष्यवेधन ईसीएम यंत्रणेने बिघडवता येते, आणि ज्यांचे सुरक्षा-गुण, म्हणजे गुन्हे केले की कमी होणारे गुण, उणे ५ किंवा त्याखाली घसरले आहेत अशा जाहीर गुन्हेगारांवर कोणालाही कधीही गोळी चालवता येते. पण मुरलेला गँकर हल्ल्याच्या क्षणापर्यंत स्थानकातून बाहेरच पडत नाही, त्यामुळे हा शेवटचा हक्क बहुधा कागदावरच राहतो. फ्रेटर फुटलेच तर काहीजण त्याच्या अवशेषावर मारा करून आतला माल नष्ट करत, म्हणजे निदान चाच्याचा फायदा तरी होऊ नये. पुढे अवशेषांची सहनशक्ती वाढवण्यात आली आणि तोही मार्ग अवघड झाला. धडका देऊन अनंत काळ अडकवून ठेवण्यावरही नंतर वेळेचे बंधन आले, हे खरे. पण एकंदर कल बदलला नाही. फ्रेटर वाचले तर अँटी-गँकरला काहीही मिळत नाही. किलमेल निघत नाही, माल पडत नाही, आणि अनेकदा फ्रेटरचा चालक स्वयंचलित मार्गावर जहाज सोडून जेवायला गेलेला असल्याने आभार मानायलाही तो जागेवर नसतो.

लोसेकमधली परिस्थिती निराळी आणि माझ्या मते अधिक रंजक आहे. तेथे कॉनकॉर्ड येत नाही. गेटवर आणि स्थानकांवर बसवलेल्या तोफा तेवढ्या हल्लेखोरावर मारा करतात. रॅन्सर, तामा, अमामाके ही नावे जुन्या खेळाडूंना चाच्यांचे अड्डे म्हणून तोंडपाठ असतात. या भागात चाचा गेटवर किंवा लघुग्रहांच्या पट्ट्यात सावज गाठतो, वार्प डिसरप्टर लावून त्याचे पळणे बंद करतो आणि कधीकधी जहाज न फोडता खंडणी मागतो. आता चाचेविरोधी गस्तीची अडचण पाहा. गस्तीतल्या खेळाडूला समोरचा माणूस चाचा असल्याचे पक्के ठाऊक असले, त्याच्या सगळ्या किलमेल वाचलेल्या असल्या, तरी त्या माणसाचे सुरक्षा-गुण उणे ५ च्या वर असतील आणि त्याने नुकताच गुन्हा केलेला नसेल, तर पहिली गोळी झाडणारा गस्तीवालाच कायद्याच्या दृष्टीने संशयित ठरतो. तोफा त्याच्यावर चालतात, गुण त्याचे कमी होतात, आणि पुढची पंधरा मिनिटे त्याला कोणीही मारू शकते. चाच्याला मात्र गुण घसरल्यावर संगणकी चाच्यांकडून मिळणारे टॅग बाजारातून विकत घेऊन, शुल्क भरून ते पुन्हा वर आणण्याची सोय २०१३ पासून उपलब्ध आहे. याचा परिणाम असा की चाचेविरोधी गटाला एक तर गुन्हा घडेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे कोणाचे तरी जहाज जाऊ द्यावे लागते, किंवा आमिष म्हणून स्वतःचे एखादे खाणजहाज पुढे करून चाच्याला पहिली गोळी झाडायला लावावे लागते. दुसरा मार्ग हा या खेळातल्या सर्वोत्तम अनुभवांपैकी एक आहे. एकजण निष्पाप चेहऱ्याने दगड फोडत बसतो, उरलेले शेजारच्या सूर्यमालेत गेटला चिकटून थांबतात, आणि स्थानिक यादीत नवे नाव झळकल्यापासून डिसरप्टर लागेपर्यंत सगळ्यांचे श्वास रोखलेले असतात. ही स्थानिक यादी, ज्यात त्या सूर्यमालेतील प्रत्येकाचे नाव दिसते, चाच्यालाही दिसते हे विसरू नये; शेजारी पाच अनोळखी नावे दिसली की शहाणा चाचा निघून जातो, आणि रात्रभरची तयारी फुकट जाते.

गुन्हेगाराच्या शिरावर इनाम लावण्याची सोय हा या विषयातला सर्वांत बोधप्रद भाग आहे. सुरुवातीची पद्धत सरळ होती. इनाम लावा, ज्याने त्या माणसाला त्याच्या पलायनपेटीसह मारले त्याला रक्कम मिळेल. चाच्यांनी यावर लगेच उपाय काढला. इनाम वाढले की चाचा आपल्याच मित्राकडून किंवा आपल्याच दुसऱ्या पात्राकडून स्वतःला मारून घेई आणि रक्कम खिशात घाली. म्हणजे त्याच्या बळींनी रागाने लावलेला पैसा शेवटी त्याच्याच घरी जाई. डिसेंबर २०१२ च्या रेट्रिब्युशन या विस्तारात ही पद्धत बदलली, आणि इनामाची पूर्ण रक्कम एकदम न देता नष्ट झालेल्या मालमत्तेच्या किमतीच्या २० टक्के इतकाच भाग मारणाऱ्याला मिळू लागला. स्वतःला मारून घेण्यात आता तोटा होता, आणि पळवाट बुजली. पण त्याबरोबर इनामी शिकाऱ्याचा पोटापाण्याचा विचारही बुजला, कारण स्वस्त जहाजातून फिरणाऱ्या चाच्याला मारून हाती येणारी रक्कम दारूगोळ्याच्या खर्चालाही पुरत नसे. हळूहळू इनाम ही चिडवण्याची गोष्ट झाली. ज्याच्या-त्याच्या चित्रावर ‘वाँटेड’ अशी पट्टी दिसू लागली. २०२० मध्ये ही सगळी सोयच बंद करण्यात आली. रचनाकारांची बाजू घेऊन म्हणायचे तर, जिथे एका माणसाला कितीही पात्रे काढता येतात तिथे सचोटीची इनाम-पद्धत बसवणे खरोखरच दुष्कर आहे. तरीही एवढ्या वर्षांत चाच्यांच्या मागे लागण्याचा अधिकृत धंदा उभा राहू शकला नाही, हे या खेळाचे मोठे अपयश मी मानतो.

त्याच विस्तारात सुधारलेला वधाधिकार, ज्याला खेळात किलराइट म्हणतात, तुलनेने बरा आहे. बेकायदा हल्ल्यात जहाज गमावलेल्याला ३० दिवसांसाठी हा अधिकार मिळतो, आणि तो स्वतः वापरता येतो किंवा ठराविक किमतीला इतरांना खुला करता येतो. कोणीही तो वापरला की गुन्हेगार पंधरा मिनिटे संशयित ठरतो आणि आसपासचा कोणीही त्याच्यावर हल्ला करू शकतो. येथेही चलाख चाचा आपल्या दुसऱ्या पात्राकरवी तो अधिकार विकत घेऊन एखादे टाकाऊ जहाज फोडून घेतो आणि मोकळा होतो. म्हणून अनुभवी गट बळींना एक सल्ला आवर्जून देतात, आणि तो मीही देईन. अधिकार सगळ्यांना खुला करू नका, आपल्या विश्वासाच्या कॉर्पोरेशनपुरताच ठेवा, आणि चाचा महागड्या जहाजात दिसेपर्यंत धीर धरा.

चाचा कोणाला म्हणायचे हा प्रश्न या खेळात वरवर दिसतो तितका सोपा नाही. २०१२ पासून हायसेकमध्ये न्यू ऑर्डर आणि कोड या नावांनी वावरणाऱ्या गँकरांच्या चळवळीने खाण खेळाडूंना एक कोटी इस्कला (इस्क हे खेळातले चलन) वार्षिक परवाना विकायला सुरुवात केली. ज्याच्याकडे परवाना नाही त्याचे जहाज फोडले जाई, आणि ते करताना आपण हायसेकमध्ये शिस्त आणत आहोत असा त्यांचा गंभीर आविर्भाव असे. खाणवाल्यांच्या दृष्टीने ही उघड खंडणी होती. मराठी वाचकाला येथे पोर्तुगीजांचे कार्ताज आणि कान्होजी आंग्रे यांचे दस्तक आठवल्याखेरीज राहणार नाही. परवाना न घेणारे जहाज दोघेही धरत, पण सरखेल कान्होजींना चाचा ठरवून मोकळे झालेले इंग्रज स्वतःही परवाने देतच होते. फरक इतकाच की समुद्रावरील सत्तेला किनारा, किल्ले आणि राज्याची सनद यांचा आधार होता, आणि कोडच्या परवान्यामागे कॅटॅलिस्टच्या टोळीपलीकडे काहीही नव्हते.

हाच प्रश्न सर्वांत गांभीर्याने हाताळला तो प्रोव्हिडन्स या नलसेक प्रदेशात. नलसेकमध्ये कॉनकॉर्ड नाही, तोफा नाहीत, सुरक्षा-गुणांचा दंडही नाही. तेथे कायदा असेल तर तो खेळाडूंनी केलेला. बहुतेक नलसेक अलायन्स, म्हणजे अनेक कॉर्पोरेशनांच्या आघाड्या, जो आपला नाही त्याला मारायचे, या धोरणाने चालतात. खेळाडू याला एनबीएसआय म्हणतात. त्यात निर्णय झटपट होतो आणि चूक झाली तरी कोणी जाब विचारत नाही. क्युरेटोरेस व्हेरिटाटिस अलायन्स, म्हणजेच सीव्हीए, या अमार साम्राज्याशी एकनिष्ठ असलेल्या गटाने प्रोव्हिडन्समध्ये याच्या नेमके उलट धोरण वर्षानुवर्षे राबवले. जो शत्रू म्हणून नोंदलेला नाही त्याला मारायचे नाही. या धोरणाचे नाव एनआरडीएस. अनोळखी व्यापारी, खाणवाले, नुसते हिंडायला आलेले नवखे, कोणीही त्या प्रदेशात यावे, स्थानके वापरावीत, पैसे मिळवावेत. लूटमार केली तर मात्र त्याचे नाव यादीत जाईल.

बोलायला सोप्या वाटणाऱ्या या नियमासाठी काय यंत्रणा लागते याचा अंदाज बाहेरून येत नाही. सीव्हीएने शत्रूंची सामायिक यादी सार्वजनिक ठेवली होती, आणि त्या प्रदेशातील अनेक छोटे-मोठे गट तिच्याच आधारे वागत. गस्तीवर असलेल्याने अनोळखी नाव दिसताच आधी ती यादी तपासायची, मग त्या नावाची कॉर्पोरेशन तपासायची, मग अलायन्स तपासायची, आणि तोवर समोरच्याने गोळी झाडली नसेल तर निर्णय घ्यायचा. यादीत नाव कोणी घालायचे, पुरावा काय लागेल, कॉर्पोरेशन सोडल्यावर नाव काढायचे की नाही, चुकून मारलेल्याला भरपाई द्यायची का, हे सगळे ठरवावे लागे. म्हणजे चाचेगिरीशी लढायचे तर आधी दफ्तर हवे, कारकून हवेत आणि तंटे मिटवणारी माणसे हवीत. पहिली गोळी नेहमीच शत्रूला बहाल करावी लागते, हा या धोरणाचा युद्धातला तोटा. टोळ्यांनी प्रोव्हिडन्सला सोपी शिकार मानले ते याचमुळे, आणि २०१० मध्ये हा प्रदेश सीव्हीएच्या हातून गेलाही. नंतर तो त्यांनी परत मिळवला, आणि त्या परतण्यात वर्षानुवर्षे तेथे मुक्तपणे वावरलेल्या छोट्या गटांच्या सद्भावनेचा वाटा होता असे मला वाटते.

यात आणखी एक पेच आहे, आणि तोच मला या खेळाच्या कथाविश्वाचे मोठे बलस्थान वाटतो. अमार साम्राज्य हे कथेनुसार गुलामगिरी बाळगणारे, धर्मसत्ताक साम्राज्य आहे. सीव्हीएचे जुने वैरी उश्रा-खान हे स्वतःला गुलामांचे मुक्तिदाते मानणारे, अमारांच्या गुलामगिरीत भरडलेल्या मिनमातार लोकांचे गट. त्यांच्या दृष्टीने सीव्हीएची शांतता ही मालकांची शांतता होती, आणि प्रोव्हिडन्समधील जहाजे फोडणे हे मुक्तिकार्य होते. सीव्हीएच्या यादीत मात्र त्यांची नोंद शत्रू म्हणूनच. कथेतील भूमिका मनापासून निभावणाऱ्या खेळाडूला अशा पेचातून जो आनंद मिळतो, तो नुसत्या जहाजफोडीतून मिळत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हॅवॉक या विस्ताराने चाचेगिरीला आणि तिच्या प्रतिकाराला प्रथमच अधिकृत युद्धाचे स्वरूप दिले. गुरिस्तास आणि एंजल कार्टेल या आजवर संगणकानेच चालवलेल्या चाचेटोळ्यांत खेळाडूंना रीतसर भरती होता येऊ लागले. या टोळ्या साम्राज्यांच्या सीमेवर तळ टाकून बंडाळी सुरू करतात. आसपासच्या सूर्यमालांत त्या भ्रष्टता वाढवतात आणि साम्राज्यांच्या बाजूचे मिलिशिया खेळाडू दमन वाढवतात. दोन्हींचे पाच-पाच टप्पे असतात, आणि जो पुरेशा सूर्यमालांत शेवटचा टप्पा गाठेल त्याची सरशी. भ्रष्टता चढत गेली की त्या ठिकाणची कायद्याची पकड ढिली होते. चाचेविरोधी खेळाडूच्या दृष्टीने याचे दोन फायदे आहेत. एक तर शत्रू कोण हे स्पष्ट असते, त्यामुळे पहिली गोळी झाडायला संकोच नको. दुसरे म्हणजे काम केल्याचा मोबदला मिळतो. वर सांगितलेल्या दोन्ही जुन्या दुखण्यांवर हा उतारा आहे, आणि नव्या खेळाडूने येथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन. मात्र ज्याने उएदामातील गँकरांना आळा घालण्याचे मनात धरले आहे त्याच्या हाती या विस्ताराने फारसे काही लागत नाही, कारण खरा उपद्रवी चाचा टोळीत भरती न होताही आपला धंदा पूर्ववत चालवू शकतो. शिवाय ठरवून दिलेल्या मैदानावर, गुण मिळवण्यासाठी लढल्या जाणाऱ्या या लढाईत प्रोव्हिडन्सच्या यादीमागे असलेला विवेक कोणाला वापरावा लागत नाही.

आपल्याकडून खेळताना येणाऱ्या व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगतो. सर्व्हर लंडनला असल्याने प्रतिसादाला लागणाऱ्या विलंबाची धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण हा खेळ साधारण सेकंदाला एक ठोका या गतीने हिशेब करतो. नेमबाजीच्या खेळांत जो विलंब जीवघेणा ठरतो तो येथे जाणवतही नाही. वेळेचे गणित मात्र अवघड आहे. खेळाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते, रोजची देखभाल आपल्या दुपारी साडेचारला होते, आणि युरोपातील खेळाडूंची गर्दी आपल्याकडे रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत टिकते. नोकरी करणाऱ्याने भारतीय संध्याकाळी सक्रिय असणारा गट आधी शोधावा आणि मगच अर्ज करावा. युरोपीय वेळेच्या गटात शिरून रात्री जागवण्यात शहाणपण नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी खेळाडूंना ही अडचण नाही. खेळ मराठीत किंवा हिंदीत उपलब्ध नाही आणि गस्तीवरचे सगळे बोलणे इंग्रजीतून, तेही संक्षेपांनी भरलेले असते. पहिले काही आठवडे नुसते ऐकत राहावे लागते.

खर्चाचे म्हणाल तर नोव्हेंबर २०१६ पासून अल्फा प्रकारच्या खात्यावर हा खेळ फुकट खेळता येतो. पूर्ण वर्गणीच्या ओमेगा खात्याचा महिन्याचा दर मे २०२२ मध्ये १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलरवर नेण्यात आला, आणि आपल्याकडच्या खिशाला तो जड आहे यात शंका नाही. चाचेविरोधी गस्तीसाठी तो लगेच भरण्याची गरजही नाही. चाच्याला पळू न देता धरून ठेवणे हे गस्तीतले सर्वांत मोलाचे काम स्वस्त, चपळ फ्रिगेटमधून होते, आणि ते अल्फा खात्यावर चालवता येते. २००४ पासून नवख्यांना शिकवत आलेल्या ईव्ह युनिव्हर्सिटीसारख्या कॉर्पोरेशनमध्ये आधी आसपासची जहाजे दाखवणारा डी-स्कॅन वाचायला, गेटवर न थांबता पुढे निघायला आणि आपले जहाज गेले तरी न चिडायला शिकावे. ओमेगाचा विचार त्यानंतर, म्हणजे आपल्या वेळेला जागा असलेला एखादा गट सापडल्यावर आणि त्यातली माणसे आवडल्यावर करावा.